‘वही पूर्ण आहे’ ते ‘मला येते’: विद्यार्थ्यांच्या स्वयंमूल्यमापनाची कौशल्याधारित पद्धत

शाळेतल्या बहुतेक स्वयंमूल्यमापन तक्त्यांत विद्यार्थ्यांपुढे ठरावीक विधाने असतात: मी गृहपाठ वेळेवर करतो, माझी वही नीटनेटकी आहे, मी सर्व स्वाध्याय सोडवले आहेत, मी वर्गात लक्ष देतो. मुले या प्रत्येक विधानापुढे बरोबरची खूण करतात आणि ती बहुधा खरीही असते. परंतु तेवढ्यावरून त्या मुलाला भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज येते की नाही, हे त्याला स्वतःलाही कळत नाही आणि शिक्षकांनाही कळत नाही. स्वाध्याय फळ्यावरून उतरवून पूर्ण होतो, शिकवणीच्या बाईंनी सांगितलेले लिहून पूर्ण होतो, शेजारच्या मुलीची वही घरी नेऊनही पूर्ण होतो. वही भरलेली असणे आणि त्या वहीतले येत असणे या दोन गोष्टींचा संबंध आहे, पण त्या एक नव्हेत.

चौथी ते आठवीच्या वर्गांत हा भेद लक्षात घेऊन स्वयंमूल्यमापन कसे बसवता येईल, याची ही कार्यपद्धती आहे. उदाहरणे मुख्यतः गणित आणि मराठी या विषयांतली घेतली आहेत. साधने म्हणून प्रत्येक घटकासाठी एक छापील किंवा हाताने आखलेला कागद, काही कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल एवढेच लागते.

पद्धतीमागचा विचार नवा नाही. शिकागो विद्यापीठातले बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये असे मांडले की पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर वर्गातील बहुसंख्य मुले एखादा घटक चांगल्या पातळीपर्यंत आत्मसात करू शकतात. आपण मात्र वेळ सर्वांना सारखा देतो आणि शिकणे कमीजास्त होऊ देतो. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींनी केलेले मूल्यमापन असावे, असे म्हटले आहे. गोव्यातल्या वाचकांना तर हा विचार अगदी घरचा आहे. फोंड्याकडच्या एखाद्या देवळात भजनाच्या साथीसाठी तबला शिकणाऱ्या मुलाला गुरुजी ‘किती पाने झाली’ असे कधी विचारत नाहीत. ठेका धरून तो दुगुन करू लागला, म्हणजे दुप्पट गतीत वाजवू लागला, की लय हलते का, तेवढेच ऐकतात, आणि हलली तर पुढचा कायदा, म्हणजे तबल्याची पुढची रचना, देत नाहीत.

पहिली पायरी: पाठाचे कौशल्यांत रूपांतर

पाठ्यपुस्तकातील घटकाचे नाव हे कौशल्य नसते. ‘अपूर्णांक’ असे लिहून मुलाला ‘येते की नाही’ विचारले, तर तो काय उत्तर देणार? एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने) २०१७ मध्ये पहिली ते आठवीसाठी इयत्तावार आणि विषयवार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय करता यायला हवे याची विधाने, प्रसिद्ध केल्या आहेत. सुरुवात तिथून करावी. मात्र ती विधाने शिक्षकांसाठी लिहिलेली असल्याने ती जशीच्या तशी मुलांच्या हातात देऊ नयेत. एका निष्पत्तीत अनेकदा चार-पाच कौशल्ये एकत्र बांधलेली असतात आणि ती सोडवावी लागतात.

भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज हेच उदाहरण घेऊ. ती करण्यासाठी मुलाला एका अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक काढता यावे लागतात. दोन छेदांचा लघुत्तम साधारण विभाज्य काढता यावा लागतो. दोन्ही अपूर्णांक त्या छेदात लिहिता यावे लागतात. मग अंशांची बेरीज आणि शेवटी संक्षिप्त रूप. यांखेरीज आणखी एक कौशल्य असते आणि तेच बहुतेक तक्त्यांतून गळते: आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे पाहता येणे. १/२ + १/३ याचे उत्तर २/५ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो. परंतु २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे येईल, असा प्रश्न ज्या मुलाला स्वतःहून पडतो त्याला अपूर्णांक कळू लागले आहेत, मग त्याच्या वहीतली दोन उदाहरणे राहिलेली का असेनात.

म्हणून या घटकाच्या कागदावर पुढील पाच विधाने पुरेशी आहेत: मला दिलेल्या अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक काढता येतात, मला दोन छेदांसाठी सर्वांत लहान समान छेद शोधता येतो, मला भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज एकट्याने करता येते, उत्तर मोठे येईल की लहान, याचा अंदाज मला आधी सांगता येतो, गोष्टीच्या रूपातले उदाहरण वाचून तिथे बेरीज करायची आहे, हे मला ओळखता येते. वाक्यरचना ‘मला येते’ अशी ठेवल्यास एकच कागद मुलामुलींना सारखाच चालतो. विधानांची संख्या चार ते सहाच्या पुढे नेऊ नये. पंचवीस विधानांचा तक्ता दिसायला भारदस्त असतो, परंतु मुले तो भराभर खुणा करून परत देतात आणि आपण पुन्हा पूर्ततेपाशीच येऊन पोहोचतो.

विधान लिहून झाल्यावर त्याची एक परीक्षा करावी: हे मुलाने मला पाच मिनिटांत प्रत्यक्ष करून दाखवता येईल का? ‘मला अपूर्णांक समजले आहेत’ हे करून दाखवता येत नाही, म्हणून ते बाद. ‘मला कविता आवडते’ ही चांगली गोष्ट आहे, पण ते कौशल्य नव्हे. इतिहास-भूगोलाबाबत ही अडचण जास्त येते, कारण तिथे माहितीची यादी मोठी असते. तरीही नकाशावरच्या प्रमाणावरून पणजी ते काणकोण हे अंतर काढता येणे, किंवा एखाद्या घटनेची कारणे आणि परिणाम वेगळे करून सांगता येणे, अशी विधाने तिथेही निघतात. विज्ञानात निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहिता येणे हे एकच कौशल्य वर्षभर पुरेल एवढे महत्त्वाचे आहे.

दुसरी पायरी: पातळ्यांची भाषा

प्रत्येक विधानापुढे मुलाने काय लिहायचे, हे ठरवताना अंक टाळावेत. दहापैकी सात म्हणजे काय, हे सांगता येत नाही. एका मुलाचा सात दुसऱ्याच्या नऊच्या बरोबरीचा असतो. हसऱ्या आणि रडव्या चेहऱ्यांची चित्रेही माझ्या मते टाळावीत, कारण ती मुलाला ‘तुला कसे वाटते’ असे विचारतात, आणि आपल्याला भावना नव्हे तर कृती हवी आहे. रडवा चेहरा रंगवणे कोणत्याही मुलाला नको असते.

त्याऐवजी लागणाऱ्या मदतीवरून पातळी ठरवावी. ‘शेजारी बसून कोणी सांगितले तर जमते’, ‘सोडवलेले उदाहरण समोर ठेवून जमते’, ‘काहीही न पाहता एकट्याने जमते’ आणि ‘पूर्वी न पाहिलेल्या उदाहरणातही वापरता येते’ या चार पातळ्या बहुतेक विषयांना पुरतात. चौथ्या पातळीसाठी ‘दुसऱ्याला शिकवता येते’ असे लिहिण्याची पद्धत आहे, पण अबोल मुलावर तो अन्याय होतो, कारण त्याला येते ते सर्व असते, फक्त चारचौघांत बोलता येत नाही. प्रत्येक पातळीत मदत किती घेतली, हे मुलाला आठवून सांगता येते. ‘मी हुशार आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘मी पुस्तक उघडले होते का’ हा प्रश्न सोपा आहे, आणि त्याचे उत्तर मुले प्रामाणिकपणे देतात.

तिसरी पायरी: नमुने दाखवून नजर तयार करणे

ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉयस सॅडलर यांनी १९८९ मध्ये असे दाखवून दिले की आपले काम सुधारण्यासाठी शिकणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: चांगले काम कसे असते याची कल्पना, आपले काम त्याच्याशी ताडून पाहण्याची क्षमता, आणि मधले अंतर कमी करण्याचे उपाय. यांतली पहिली गोष्ट आपण गृहीत धरतो. ‘चांगला परिच्छेद लिहा’ असे सांगतो, पण चांगला परिच्छेद कसा असतो, हे मुलाने पाहिलेलेच नसते. त्याला माहीत असते ते एवढेच की पान भरले पाहिजे.

यासाठी घटकाच्या सुरुवातीलाच अर्धा तास नमुन्यांसाठी ठेवावा. नमुने शिक्षकांनी स्वतः लिहावेत किंवा मागील वर्षांच्या वह्यांतून नावे काढून घ्यावेत. त्याच वर्गातल्या मुलाचे काम चुकीच्या नमुन्यासाठी वापरू नये. समजा कौशल्य असे आहे: ‘मला एका परिच्छेदात एकच गोष्ट क्रमाने सांगता येते.’ फळ्यावर माटोळीविषयी दोन नमुने लिहावेत (गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर टांगलेली फळापानांची लाकडी चौकट म्हणजे माटोळी).

पहिला नमुना: ‘आमच्या घरी चवथीला माटोळी बांधतात. माटोळी खूप सुंदर दिसते. चवथ हा आमचा मोठा सण आहे. आई नेवऱ्या करते. आम्ही फटाके लावतो. आरतीला सगळे येतात. आम्हाला चवथ खूप आवडते.’

दुसरा नमुना: ‘चवथीच्या आदल्या दिवशी बाबा आणि काका गणपतीच्या जागेवर लाकडी चौकट टांगतात. तिला आधी आंब्याच्या डहाळ्या बांधतात, मग नारळ आणि सुपारीचे घोस, आणि सर्वांत शेवटी रानातली फळे. दोन्ही टोकांना सारखेच नारळ लागतात, नाहीतर चौकट एका बाजूला कलते.’

यांतला कोणता चांगला, असे विचारताच काही हात पहिल्या नमुन्यासाठी वर होतात, आणि कारण विचारले की तो मोठा आहे, त्यात जास्त वाक्ये आहेत, असे उत्तर येते. हे उत्तर चुकीचे ठरवून थांबू नये. प्रत्येक नमुन्यातली वाक्ये मागेपुढे करून वाचायला सांगावीत. पहिल्यातली वाक्ये कशीही फिरवली तरी फारसे काही बिघडत नाही; दुसऱ्यातले एक वाक्य हलवले की गोष्ट मोडते. मग ‘क्रमाने’ याचा अर्थ मुलांना सांगावा लागत नाही, आणि आपल्या परिच्छेदावर तीच कसोटी लावून पाहणे त्यांना जमते. पहिल्या नमुन्यात नवीन चार वाक्ये न घालता त्याच्यातली तीन काढून तो सुधारता येईल का, असे पुढे विचारले तर तासाचे चीज होते.

गणितात नमुना म्हणून पूर्ण सोडवलेले पण मध्येच चुकलेले उदाहरण द्यावे आणि चूक कुठे आहे, हे शोधायला सांगावे. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणे सोपे असते. पण ती सवय लागली की मुले स्वतःच्या कागदाकडेही त्याच नजरेने पाहू लागतात.

चौथी पायरी: अंदाज, कोरा कागद आणि पडताळा

या साऱ्या पद्धतीचा कणा हाच आहे. नियम असा ठेवावा की पुराव्याशिवाय कोणत्याही विधानापुढे खूण करायची नाही, आणि पुरावा म्हणजे कोऱ्या कागदावर, वही-पुस्तक मिटून, एकट्याने केलेले काम. वहीतले उदाहरण हा पुरावा धरू नये, कारण ते कोणत्या मदतीने झाले, हे वहीवरून दिसत नाही.

एवढा कडकपणा हवा, कारण आपल्याला येते असे वाटणे आणि येणे यांत माणसाची नेहमीच गफलत होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आपल्याला तो चांगला लक्षात राहील, असा त्यांना विश्वासही जास्त होता. पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना कितीतरी जास्त आठवले. परीक्षेच्या आदल्या रात्री वही चाळून ‘सगळे येते’ म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा त्याचा समज झालेला असतो.

प्रत्यक्षात असे करावे. एका कौशल्यासाठी पाच छोटी उदाहरणे फळ्यावर लिहावीत. ती सोडवण्यापूर्वी प्रत्येकाने चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात आपला अंदाज लिहावा: पाचपैकी किती बरोबर येतील? मग दहा मिनिटांत सोडवावीत. त्यानंतर उत्तरे फळ्यावर द्यावीत आणि मुलांनी स्वतःच तपासून अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहावा. समजा एखाद्या चिठ्ठीवर अंदाज ५ आणि प्रत्यक्ष २ आहे. दुसरीवर अंदाज २ आणि प्रत्यक्ष ४ आहे. शिक्षकांनी या दोन्ही आकड्यांमधल्या अंतराकडे पाहावे. पहिल्या मुलाला उदाहरणांइतकीच स्वतःला ओळखण्याच्या सरावाची गरज आहे. दुसऱ्या मुलीला गणित येते. तिला ते कळवणे एवढेच बाकी आहे. चिठ्ठ्या टाकून न देता घटकाच्या कागदाला टाचून ठेवाव्यात. दोन-तीन घटकांनंतर अंदाज आणि प्रत्यक्ष यांमधले अंतर कमी होऊ लागते आणि मुलांना त्याचेच कौतुक वाटू लागते.

तपासणी मुलांकडे सोपवल्यावर काही जण उत्तर बदलतील, ही भीती शिक्षकांना वाटते. सोडवताना पेन्सिल आणि तपासताना पेन वापरायला लावले, तर बदल करणे कठीण होते. पण खरा उपाय असा की या चिठ्ठीला गुणच देऊ नयेत. लपवण्याचे कारणच उरत नाही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

चुकीचे कारण नेमकेपणाने लिहिणे

चूक सापडली की मुले एकच कारण लिहितात: निष्काळजीपणा. पालकांनाही हे कारण आवडते, कारण त्यात ‘येते सगळे, पण लक्ष नाही’ असे समाधान असते. हा शब्द तक्त्यातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याजागी चार कारणे द्यावीत आणि त्यांतले एक निवडायला सांगावे: प्रश्न काय विचारतो ते कळले नाही; काय करायचे ते कळले, पण पायरी आठवली नाही; पायऱ्या आठवल्या, पण समज चुकीचा होता; सगळे बरोबर होते, आकडेमोड चुकली. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. आकडेमोड चुकणाऱ्याला पाढे आणि उत्तराचा अंदाज हवा. समज चुकीचा असणाऱ्याला चित्र, कागदाच्या पट्ट्या आणि नव्याने समजावणे हवे. दोघांनाही ‘आणखी दहा उदाहरणे सोडव’ सांगणे म्हणजे त्यांना पुन्हा पूर्ततेच्या रांगेत उभे करणे होय.

यांतल्या पहिल्या कारणाकडे गोव्यात विशेष लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे अनेक मुले घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमात जातात. भागाकार ज्याला चौथीत चांगला समजू लागला होता, त्याला तोच प्रश्न इंग्रजीत वाचून काय विचारले आहे ते कळत नाही, आणि तो स्वतःला गणितात कच्चा समजू लागतो. म्हणून पाचवी-सहावीच्या कागदावर प्रत्येक कौशल्यापुढे आणखी एक छोटा रकाना ठेवावा: प्रश्नाची भाषा समजली का? तो ‘नाही’ असेल, तर तोच प्रश्न शिक्षकांनी मराठीत किंवा कोंकणीत सांगावा आणि मुलाला पुन्हा सोडवू द्यावा. आता जमले, तर कौशल्य आहे आणि भाषेवर काम करायचे आहे, हे दोघांनाही समजते. तोंडी स्पष्टीकरण मागताना मुलाने कोंकणीत सांगितले, तरी ते स्वीकारावे. ज्या तासाला गणित तपासायचे आहे, त्या तासाला गणितच तपासावे.

खूण पेन्सिलीने करावी

आज आलेले कौशल्य महिन्याभराने असेलच असे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग मोजून दाखवला होता. सुरुवातीला ते फार झपाट्याने होते आणि मग मंदावते. यासाठी कागदावर पातळीची खूण पेन्सिलीने करून घ्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच कौशल्याची दोन नवी उदाहरणे कोऱ्या कागदावर द्यावीत. तीही जमली तर खूण पेनाने पक्की करावी. न जमल्यास पुसून एक पातळी खाली आणावी. चवथीची सुट्टी यासाठी चांगली सोय आहे. सुट्टीआधी एक चिठ्ठी आणि सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात दुसरी, असे केले की काय टिकले आणि काय वाहून गेले, ते कोणालाही न रागावता दिसते.

शिक्षकांचे आणि मुलाचे मत जुळत नाही तेव्हा

मुलाने स्वतःला तिसरी पातळी दिली आहे आणि शिक्षकांना ती पहिली वाटते, असे वारंवार घडते. अशा वेळी शिक्षकांनी मुलाची खूण खोडू नये. ‘दाखव पाहू’ असे म्हणून एक उदाहरण समोर ठेवावे आणि ते सोडवून झाल्यावर खूण तीच ठेवायची की बदलायची, हे त्यालाच विचारावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले होते की एखादे कौशल्य ज्यांच्यात कमी असते, त्यांना आपली उणीव ओळखण्यासाठी लागणारी समजही त्याच कारणाने कमी पडते. त्यामुळे स्वतःला वर चढवून घेणाऱ्या मुलाला बढाईखोर समजण्याचे कारण नाही. तिसऱ्या पायरीतले नमुने त्याला पुन्हा दाखवावेत.

उलट बाजू अधिक नाजूक असते. काही मुले, आणि माझ्या पाहण्यात विशेषतः मुली, सर्व उदाहरणे बरोबर सोडवूनही ‘उदाहरण पाहून जमते’ एवढेच लिहितात. त्यांना कौतुकाने समजावण्यापेक्षा त्यांच्याच टाचलेल्या चिठ्ठ्या क्रमाने समोर मांडाव्यात. स्वतःच्या हस्ताक्षरातला पुरावा त्यांना नाकारता येत नाही.

अशा भेटीसाठी प्रत्येक मुलाला दर घटकाला वेळ देणे मोठ्या वर्गात शक्य नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत मोठे अंतर असणारी सहा-सात मुलेच निवडावीत आणि बाकीची वाचत किंवा लिहीत असताना त्यांच्याशी टेबलापाशी दोन-तीन मिनिटे बोलावे.

दुसरी संधी आणि पोर्शनचा प्रश्न

‘मला येत नाही’ हे प्रामाणिकपणे लिहिल्यावर पुढे काहीच होत नसेल, तर मुले ते लिहिणे सोडून देतात. ब्लूम यांच्या पद्धतीत घटकाच्या शेवटी चाचणी घेऊन उणिवा शोधायच्या, त्या दूर करण्यासाठी वेगळ्या प्रकारे शिकवायचे आणि मग त्याच कौशल्यांवर वेगळ्या प्रश्नांची दुसरी चाचणी द्यायची, असा क्रम आहे. प्रभुत्व मानण्यासाठी साधारण ८० ते ९० टक्क्यांची रेघ धरली जाते. दुसरी चाचणी मागण्याआधी मुलाने पहिल्या चिठ्ठीतल्या चुका कारणासह दुरुस्त करून दाखवाव्यात, एवढी अट घालावी. तीच चाचणी पुन्हा देऊ नये, नाहीतर मुले उत्तरे पाठ करून येतात.

ज्यांना पहिल्याच वेळी जमले, त्यांना त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे देणे ही शिक्षा आहे. त्यांनी एखादे उदाहरण मुद्दाम एका ठिकाणी चुकवून सोडवावे आणि ती चूक इतरांनी शोधावी. हे काम वाटते त्याहून अवघड असते आणि चौथ्या पातळीचा पुरावाही त्यातून मिळतो.

एवढा वेळ कुठून आणायचा, पोर्शन संपवायचा आहे, ही तक्रार खरी आहे. सर्व घटकांना ही पद्धत लावू नये. ज्यांच्यावर पुढची वर्षे उभी राहतात, तेवढेच घटक निवडावेत: गणितात भागाकार, अपूर्णांक, पूर्णांक संख्या आणि बीजगणिताची सुरुवात, भाषेत उताऱ्यातला मुख्य मुद्दा ओळखणे आणि परिच्छेदलेखन. उरलेले घटक नेहमीप्रमाणे शिकवले तरी चालेल. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून वर्षाच्या नियोजनात अशा प्रत्येक घटकामागे दोन तास लिहून ठेवले, तर नंतर कोणाला जाब द्यावा लागत नाही.

गुणांपासून दूर

स्वयंमूल्यमापनाचे गुण प्रगतिपत्रकात मिळवले, तर दुसऱ्याच घटकापासून सर्व मुले चौथ्या पातळीवर जातात. यात मुलांचा दोष नाही. गुण हे शेरा वाचण्याची इच्छाही मारतात. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये केलेल्या अभ्यासात मुलांच्या एका गटाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा आणि तिसऱ्याला दोन्ही दिले होते. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या गटात. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. म्हणून घटकाच्या कागदावर शिक्षकांनी एकच वाक्य लिहावे आणि त्यात पुढची कृती असावी: ‘छेद समान केलास, आता उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे की लहान, ते आधी लिही.’

वह्या, गृहपाठ आणि नीटनेटकेपणा यांना महत्त्व नाही, असे नव्हे. पुढे मंडळाची परीक्षा आहे, प्रयोगवह्या आहेत, वेळेत काम देण्याची सवय लागायलाच हवी. परंतु त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात किंवा वेगळ्या पानावर ठेवावी, म्हणजे सुंदर वहीची मुलगी गणितात अडली आहे आणि वही अर्धवट टाकणारा मुलगा तेच गणित तोंडी सोडवतो आहे, या दोन्ही गोष्टी एकमेकींआड लपत नाहीत.

पालकसभा

पालकांना हा बदल सुरुवातीला पटत नाही, कारण त्यांना वही दिसते आणि कौशल्य दिसत नाही. पहिल्या पालकसभेत भाषण करण्याऐवजी मुलाचा घटकाचा कागद आणि टाचलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात द्याव्यात आणि मुलालाच त्यांना तो समजावू द्यावा. घरी विचारण्यासाठी एकच प्रश्न सुचवावा: आज पुस्तक मिटून काय जमले, ते करून दाखव. शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हेही सांगावे की शिकवणीत सोडवलेली उदाहरणे कागदावर धरली जात नाहीत. हे सांगितल्यावर सभेत थोडी कुजबुज होते, ती होऊ द्यावी.

वर्षाच्या शेवटी

कागद रद्दीत जाऊ नयेत. गोव्यात प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि अनेक मुले पाचवीत दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या माध्यमात आणि सर्वस्वी नव्या शिक्षकांपुढे जाऊन बसतात. नव्या शिक्षकांना त्यांच्याबद्दल प्रगतिपत्रकावरच्या श्रेणीपलीकडे काही माहीत नसते. चौथीच्या शेवटच्या आठवड्यात मुलाने स्वतःच एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: मला एकट्याने येणारी कौशल्ये, मला अजून उदाहरण पाहून करावी लागणारी कौशल्ये, आणि मी ज्या प्रकारची चूक वारंवार करतो ती. शिक्षकांनी त्यावर शेवटच्या पडताळ्याची तारीख घालून सही करावी, एखादी चिठ्ठी नमुन्यादाखल टाचावी आणि ते पान दाखल्यासोबत पालकांकडे द्यावे. पाचवीच्या शिक्षकांनी पहिल्या पंधरवड्यात त्यातल्या पहिल्या यादीतली दोन कौशल्ये निवडून कोऱ्या कागदावर पाहावीत. ती सुट्टीत निसटली असतील तर तिथूनच सुरुवात करावी. शाबूत असतील तर दुसऱ्या यादीकडे वळावे.